साहेबांचे उंदीर

२०२३ साली मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो, आणि जगात उंदीर मारणारी माणसंच असतात अशी माझी तोवर समजूत होती. उंदीर पाळणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो जपानात, टोकियोच्या निशी-कसाईत, माझ्या पोराच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायांत पॉलिश केलेले बूट आणि काखेत लाकडाच्या भुश्श्याची पिशवी. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. दार मिटलं आणि मला वास आला. सांगलीच्या मार्केट यार्डात गुळाच्या आणि हळदीच्या गोदामांवर मी मुकादम होतो. हमाल नव्हे, हमालांचा मुकादम. उंदीर हा माझा उभ्या जन्माचा वैरी, त्याचा वास मी झोपेतसुद्धा ओळखीन. मी आपला स्वतःशीच बोललो, "उंदीर हायेत हितं."

"आहेत," तो माणूस शुद्ध मराठीत म्हणाला. "माझ्याकडे आहेत. आणि चांगले आहेत."

उंदीर चांगले आहेत! मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. माझा मजला आला तरी उतरलो नाही, त्यांच्याबरोबर वरच्या त्यांच्या मजल्यापर्यंत गेलो आणि तेवढ्यात आमची ओळख झाली.

ते मूळचे पुण्याचे. मुंबईच्या एका बँकेनं त्यांना तरुणपणी टोकियोला पाठवलं, तिथं त्यांनी अकिको नावाच्या जपानी बाईशी लग्न केलं आणि मग ते परत गेलेच नाहीत. मला भेटले तेव्हा अकिकोबाई वारलेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालणाऱ्या प्रत्येकाला मी साहेब म्हणत आलो, म्हणून त्यांनाही साहेब म्हटलं. त्यांनी विचारलं, "आणि तुम्हाला काय म्हणू?" मी म्हटलं, मला सगळे मुकादम म्हणायचे. त्या दिवसापासून ते मला मुकादम म्हणायला लागले. या देशात मी पोराचा बाप होतो, नाहीतर नावापुढं सान लावलेला कुणीतरी म्हातारा होतो. मुकादम म्हणणारा माणूस हाच एक. तेव्हा उंदीर असोत की वाघ, रोज सकाळी पोरगा ऑफिसला गेला की मी साहेबांच्या घरी जायला लागलो.

साहेबांची एक खोली उंदरांची होती. भिंतीला लोखंडी मांडणी, मांडणीवर प्लास्टिकच्या पेट्या, पेट्यांत भुस्सा, झाकणाला जाळी, पाण्याची बाटली उलटी टांगलेली, आणि खिडकीतला पंखा दिवसभर चालू. उंदीर पांढरे, लाल डोळ्यांचे. आमच्या गोदामातल्या उंदरांसारखे चोरटे नव्हते, माणूस दिसला की पुढं येत होते. साहेब पोटुशी माद्यांना वेगळ्या पेटीत ठेवायचे आणि त्यांच्याशी अहो-जाहो करायचे. "काय वहिनी, झोप लागली का?" असं उंदरीला विचारणारा रिटायर्ड बँक अधिकारी मी पाहिला आहे. कागदाच्या मऊ पट्ट्या कापून तिला घरटं करायला द्यायचे. तिनं त्यातल्या चार नाकारल्या तर म्हणायचे, "आवडल्या नाहीत," आणि पुन्हा कापायचे.

बाळंत झालेल्या उंदरीला अंडं लागतं. आता इथं गंमत अशी की साहेब अंड्याला शिवायचे नाहीत. जपानात इतकी वर्षं काढून त्यांनी मासा चाखला नव्हता. लग्न ठरतानाच त्यांनी अकिकोबाईंना सांगितलं होतं, बाहेर तू काय वाटेल ते खा, माझ्या स्वयंपाकघरात मांस, मासा, अंडं येणार नाही. बाईंनी ते जन्मभर पाळलं, पोळ्यासुद्धा शिकल्या. त्यामुळं साहेब कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, उकडलेलं अंडं आणायचे, ते स्वयंपाकघराला वळसा घालून थेट उंदरांच्या खोलीत न्यायचे आणि तोंड एका बाजूला करून, लांबून, चॉपस्टिकनं एकेक तुकडा पेटीत टाकायचे. मी म्हणायचो, "ओ साहेब, आणा इकडं, मी टाकतो." तर म्हणायचे, "नको. तुम्ही निम्मं खाल." खरं होतं ते.

एवढी बाळंतपणं कशासाठी? तर मिकानसाठी. मिकान म्हणजे जपानीत संत्रं. पुढच्या खोलीत काचेच्या पेटीत ती राहायची. नारिंगी रंगाची, अंगावर तांबडे ठिपके, मनगटाएवढी जाड नव्हे पण अंगठ्याहून जाड, बिनविषारी. पहिल्या दिवशी मी विचारलं, "ह्यात काय हाय?" आणि भुश्श्यातून तिनं मान वर काढली. मी सोफ्यावर चढलो. साहेब म्हणाले, "उतरा, मुकादम. ती तुम्हाला घाबरलीय." ती अकिकोबाईंनी पाळलेली सापीण. बाई आजारी पडल्या तेव्हा त्यांनी साहेबांकडून शब्द घेतला होता की हिला तुम्ही सांभाळा. दुसरं काही मागितलं नाही.

बाई तिला विकतचे गोठवलेले उंदीर द्यायच्या. इथं तसे मिळतात, मटारासारखे पाकिटात. बाल्कनीतल्या छोट्या फ्रीझरमध्ये ते असायचे आणि साहेब त्या दिशेला बघायचे नाहीत. बाई गेल्यावर साहेबांनी शब्दाखातर एक पाकीट फोडलं, उंदीर दुपारभर बाल्कनीत ठेवून बर्फ वितळू दिला आणि मिकानच्या पुढं ठेवला. तिनं ढुंकून पाहिलं नाही. पुढच्या आठवड्यात तेच. तिच्या पाठीचा कणा दिसायला लागला. कुणाला जाऊन विचारावं हा साहेबांचा स्वभाव नव्हता. तो माझाही नाही, म्हणून त्याबद्दल मी त्यांना बोल लावत नाही. त्यांनी मनाशीच ठरवलं की हिला घरचंच लागतं. दुकानातून जिवंत उंदरांची एक जोडी आणली, त्यांची पिल्लं झाली, त्यातलं एक स्वतःच्या हातानं मारून लगेच तिच्यापुढं धरलं आणि तिनं ते खाल्लं. झालं. तेव्हापासून ही सगळी बाळंतपणं.

मारायचे कसे ते मी लिहीत नाही. झटकन व्हायचं, एवढंच. त्या दिवशी साहेब मला घरात येऊ द्यायचे नाहीत. नंतर अंघोळ करायचे आणि दिवसभर जेवायचे नाहीत. मी एकदा विचारलं, "पाप लागतं म्हणून का?"

"नाही हो. भूक लागत नाही."

"मग विकतचे आणा की, नसत्या उठाठेवी कशाला? पुन्यांदा देऊन तर बघा."

"विकतचा आणला की आपण कुणाचा जीव घेतला ते कळत नाही, मुकादम. घरचा असला की कळतं. कळायला हवं."

"कळून काय करायचं?"

साहेब म्हणाले, "ते अजून कळलेलं नाही."

मी घरी येऊन विचार करत बसलो. मी आयुष्यात उंदीर मारले ते लाथेनं, काठीनं, पोत्याच्या आकड्यानं, आणि त्यानंतर हात धुऊन पोटभर जेवलो. हा माणूस उंदरांना वहिनी म्हणतो, अंडं खायला घालतो, मग मारतो आणि मग स्वतः उपाशी बसतो. दयाळू म्हणावं तर मारतो. निर्दय म्हणावं तर उपाशी राहतो. मला काही उमगेना.

नागपंचमीला तर आमचं भांडणच झालं. आमच्या सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळा आहे, तेव्हा नागपंचमीचं मला कुणी शिकवू नये. मी सकाळीच दुकानातून दूध घेतलं, लाह्या इंडियन दुकानात मिळाल्या, वाटी घेऊन साहेबांच्या दारात उभा राहिलो. साहेब म्हणाले, "साप दूध पीत नाहीत."

"शिराळ्याचे पितात."

"तुम्ही पाहिलंय?"

"सगळ्या गावानं पाहिलंय."

"म्हणजे तुम्ही नाही."

मी चिडलो. बूट काढून आत गेलो आणि वाटी पेटीत ठेवली. मिकाननं जीभ बाहेर काढली, वाटीला एक वळसा घातला आणि सबंध वेटोळं करून दुधात जाऊन बसली. साहेबांनी तिला बाहेर काढली, बेसिनमध्ये धुतली, पुसली आणि एवढंच म्हणाले, "अंघोळ झाली." मी म्हटलं, "जपानी साप. त्याला रीत ठाऊक नाही."

पण खरं भांडण पुढंच होतं. त्या दिवशी मिकानचा जेवणाचा वार होता. मी म्हटलं, "साहेब, आज काही चिरायचं न्हाई, तवा ठेवायचा न्हाई, जीव तर न्हाईच न्हाई."

"म्हणजे नागाच्या सणाला नागालाच उपाशी ठेवायचं?"

मी काही गप्प बसणारा नव्हे. "उपास धरंल की ती. बायका धरतातच."

"मुकादम, तो उपास भावासाठी धरतात. हिला भाऊ कुठला?"

आम्ही दोघं पेटीसमोर बसून राहिलो. शेवटी साहेबांनी जेवण एक दिवस पुढं ढकललं, माझ्या शब्दाखातर. आणि माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत. मी पण तिथून हललो नाही. एकमेकांशी न बोलता आम्ही चहा प्यालो, लाह्या खाल्ल्या.

थंडीत साहेबांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरनं सांगितलं, एकट्यानं राहू नका. पुण्याची भाची रोज फोन करायची, "मामा, या आता. खोली तयार आहे." भाचीला मिकानचं सांगितलं तर ती म्हणाली, तो साप कुणालातरी देऊन टाका. साप विमानातून नेता येत नव्हता. कुणाला द्यावा, तर घरी उंदरांची बाळंतपणं करणारा माणूस साऱ्या टोकियोत कुठं शोधायचा? साहेब म्हणायचे, "मी गेलो तर ही उपाशी मरेल. आणि मी अकिकोला शब्द दिलाय." मी म्हटलं, "आणि तुम्ही हितं मेला तर?" म्हणाले, "तेव्हाही उपाशीच मरेल. पण तेव्हा मी शब्द मोडलेला नसेल." असल्या हिशेबाला काय म्हणायचं?

मार्चात अकिकोबाईंच्या वर्षदिवसाला एक पोरगी उदबत्ती लावायला आली. तिचं नाव मिसाकी. अकिकोबाई एका बेकरीत पार्टटाइम काम करायच्या, तिथं ही त्यांच्या हाताखाली होती. मग लांब सेंदाई शहरात नोकरीला गेली आणि आता परत येऊन टोकियोतच, जवळच्या कोतो भागात एका खोलीत राहत होती. मिकानला बघून ती पेटीसमोर गुडघ्यावर बसली. साप पाळायचं वेड तिला अकिकोबाईंनीच लावलेलं. तिच्याकडंही दोन होते. साहेबांनी धीर करून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, मी नेते, पण माझी एक खोली. मी उंदीर पाळू शकत नाही. गोठवलेला खात असेल तरच नेईन.

"नाही खाणार," साहेब मला म्हणाले. "मी करून पाहिलंय." तरी रविवारी करून बघायचं ठरलं. भाचीला त्यांनी सांगून टाकलं, रविवारी खाल्लं तर येतो. नाही खाल्लं तर पुन्हा विचारू नकोस.

रविवारी दुपारी मिसाकी थंड पिशवीतून उंदीर घेऊन आली. साहेब नवा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या काठावर बसलेले. पोरीनं काहीतरी विचारलं. साहेबांनी जोरात मान हलवली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आडवे उभे राहिले.

"काय म्हणती?" मी विचारलं.

"गरम पाणी हवंय. भांड्यात. हा त्यात बुडवायचाय."

"मग द्या की."

"माझ्या भांड्यात? मुकादम, त्यात मी वरण करतो!"

पोरीला हसू आलं. तोंडावर हात ठेवून, वाकून माफी मागून ती हळूहळू बरंच काही बोलली. मला एक अक्षर कळलं नाही, पण साहेबांचा आडवा धरलेला हात खाली आला तेवढं दिसलं. "काय झालं? साहेब, काय म्हणली ती?" ते सरळ न्हाणीकडं गेले. वॉशिंग मशीनवरच्या फळीवर साबणाच्या डब्यांमागं हात घातला आणि एक निळा मग घेऊन आले. दोन्ही हातांनी धरून. पोरीनं मान डोलावली, हाच.

"ती म्हणते, अकिको या मगात करायची," साहेब म्हणाले. "मी घराबाहेर गेल्यावर. न्हाणीतलं कढत पाणी घ्यायचं, त्यात उंदीर धरायचा, त्याचं अंग उबदार झालं की द्यायचा. थंडगार दिला तर सापाला ते खाणं वाटतच नाही. ती म्हणते, हे सगळ्यांना माहीत असतं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. आणि मला कळू नये म्हणून हा मग न्हाणीत ठेवायची. माझ्या स्वयंपाकघरातला चमचासुद्धा तिनं कधी घेतला नाही." मग ते मगात बघत राहिले. "मुकादम, मी यात दाढीचं पाणी घेतो. ती गेल्यापासून. रोज."

हसण्याची ती वेळ नव्हती, पण मला हसू फुटलं. एकदा फुटलं ते थांबेना. साहेब माझ्याकडं रागानं बघायला लागले आणि बघता बघता तेच हसायला लागले, खोकला येईपर्यंत. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. ते हसण्याचंच होतं की कसलं ते मी विचारलं नाही.

मिसाकीनं उंदीर पाण्यातून काढला, कागदानं टिपला आणि चिमट्यात धरून पेटीत नेला. मिकाननं जीभ बाहेर काढली, आत घेतली आणि पुढच्या क्षणी झडप घातली. आम्ही तिघंही तिच्या गळ्यातून तो फुगवटा खाली सरकताना बघत बसलो.

"म्हणजे मी जाऊ शकतो," साहेब म्हणाले. जाऊ नको असं कुणी सांगितल्यावर माणसाचा जो आवाज होतो, तसा त्यांचा आवाज झाला होता.

मिसाकी मिकानला घेऊन गेल्यावर ते कितीतरी वेळ रिकाम्या पेटीकडं बघत होते. "मला सांगितलं असतं तर मी चिडलो असतो का हो?"

"चिडला असता."

"स्वयंपाकघर बाटलं म्हणालो असतो."

"म्हणाला असता."

"मग बरोबर केलं तिनं," साहेब म्हणाले.

मला राहवेना. मी म्हटलं, "मग एवढे उंदीर फुकटच गेले म्हणायचे."

"फुकट कसे? तिनं खाल्ले ना." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "फुकट गेले का हो?" मी म्हटलं, मला काय विचारता, मी शाळेत दुसरीपर्यंत गेलोय.

साहेब विमानतळाच्या बसनं गेले. स्टेशनासमोर मी सोडायला गेलो होतो. एक बॅग, आणि हातातल्या पिशवीत कागदात गुंडाळलेला निळा मग. घर महिनाअखेरपर्यंत त्यांचंच होतं, किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. मी विचारलं, "उंदरांचं काय?" मिसाकी म्हणाली होती, सगळे द्या, माझ्या फ्रीझरला लागतीलच.

"तुम्ही बघा," साहेब म्हणाले. "मी मोठ्या तोंडानं कळायला हवं, कळायला हवं म्हणत होतो आणि मला साधं गरम पाणी कळलं नाही. आता मी कुणाला काही सांगणार नाही."

"म्हणजे मी ठरवू?"

"मुकादम तुम्ही."

बस निघाली तेव्हा मी हात हलवला तो चुकीच्या खिडकीला. आतल्या एका अनोळखी जपानी बाईनं मला वाकून नमस्कार केला. साहेब पलीकडच्या बाजूला बसले असावेत. पुढं काही महिने पुण्याहून त्यांचे फोन येत होते, आणि एक दिवस फोन भाचीचा आला. ते मला लिहायचं नाही. त्या फोनपेक्षा मला बस गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळच जास्त आठवते.

त्या सकाळी मी चहाही न घेता साहेबांच्या घरी गेलो. पेट्या एकेक करून खिडकीपाशी आणल्या. शेपटी धरून उचलायचं आणि बघायचं, हे मी साहेबांचं बघून शिकलो होतो. नर एकीकडं घातले, माद्या एकीकडं. आता नवी पिल्लं व्हायची नाहीत. आहेत तेवढे आपापल्या मरणानं मरतील. मग सगळ्या पेट्या लिफ्टनं खाली आणून पोराच्या बाल्कनीत रांगेनं मांडल्या. शेवटची ठेवत होतो तेवढ्यात सुनेनं पडदा बाजूला केला.

"बाबा! हे काय?"

"उंदीर."

"ते दिसतंय हो. पण कशासाठी? तो साप तर गेला ना?"

"गेला. म्हणून तर आणले."

"म्हणजे? मग यांचं करायचं काय?"

"काय न्हाई करायचं."

"बाबा, शेजारी तक्रार करतील."

"करू देत," मी म्हटलं, आणि उंदरांना ऊन लागायला नको म्हणून कपडे वाळत घालायचा स्टँड त्यांच्यापुढं सरकवला.